पाणी कोणते होते?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘विमा’ हा शब्द आपण रोज वापरतो, पण तो आला कुठून? फारसीत ‘बीम’ म्हणजे भीती. त्यावरून ‘बीमा’, आणि मराठीत येता येता ‘विमा’. भीतीचा व्यवहार, असा त्याचा सरळ अर्थ. आणि व्यापाऱ्याला सर्वांत जुनी भीती कुणाची वाटत आली असेल, तर ती समुद्राची. आयुष्याचा, मोटारीचा, आजारपणाचा विमा ही सगळी धाकटी भावंडे. थोरला भाऊ म्हणजे समुद्रावरच्या मालाचा विमा. इटलीतल्या जिनोआ शहरातला १३४७ सालचा सागरी विम्याचा करार प्रसिद्ध आहे. आपल्याकडे कच्छ, गुजरात आणि मुंबईच्या पेढ्यांवर ‘जोखमी हुंडी’ चालत असे. माल गलबतावर चढला की त्यावर हुंडी काढायची. माल सुखरूप पोहोचला तर हुंडीचे पैसे चुकते करायचे; गलबत बुडाले तर हुंडीही बुडाली. कर्ज आणि विमा एकाच कागदावर! आपले जुने सराफ लंडनच्या कुणाकडून हे शिकले नव्हते.

कवितेवर चूल पेटत नाही. म्हणून बी.ए. झाल्यावर मी बॅलार्ड इस्टेटमधल्या एका क्लिअरिंग एजंटच्या कचेरीत चिकटलो आणि पंचवीस-सव्वीस वर्षे इतरांच्या मालाचे कागद लिहीत राहिलो. त्यात विम्याचे कागदही आले. शब्दांची खोड असल्यामुळे इतर कारकून जे बारीक टायपातले कलम वाचत नसत, ते मी वाचत असे. त्यातून एक गोष्ट पक्की ध्यानात आली. विम्याची पॉलिसी ‘नुकसान किती झाले’ हे नंतर विचारते. आधी विचारते, ‘कशाने झाले?’ लहान व्यापारी नेमका इथे फसतो. त्याला वाटते, आपण हप्ता भरला, माल खराब झाला, म्हणजे पैसे मिळणार. तसे नसते.

आधी एका समजुतीचा निकाल लावू. ‘माल जहाजावर बिघडला तर जहाज कंपनी भरून देईल की!’ हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले आहे. जहाज कंपनीची जबाबदारी कायद्याने बांधलेली असते. आपल्याकडे त्यासाठी १९२५ चा कायदा होता, २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. मूळ चौकट आंतरराष्ट्रीय नियमांचीच आहे. त्या चौकटीत जहाज कंपनीला सूट देणारी लांबलचक यादी आहे. समुद्राचे संकट, कप्तानाची जहाज हाकण्यातली चूक, आग (मालकाच्या स्वतःच्या दोषाने लागली नसेल तर), असे बरेच काही. बरे, जबाबदारी सिद्ध झाली तरी रकमेला मर्यादा. दर नगामागे ६६६.६७ एसडीआर किंवा दर किलोमागे २ एसडीआर, यांतली जास्त असेल ती. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबी चलन. एक एसडीआर डॉलरपेक्षा थोडा मोठा. समजा चार टन वजनाचे एक यंत्र आहे. चार हजार किलो गुणिले दोन, म्हणजे आठ हजार एसडीआर. यंत्र लाख डॉलरचे असले आणि बिल ऑफ लेडिंगवर त्याची किंमत जाहीर केलेली नसली, तर हातात येणार ते एवढेच. म्हणून मालाचा विमा वेगळा उतरवायचा.

आता पॉलिसीकडे वळू. लंडनमध्ये टॉवर स्ट्रीटवर एडवर्ड लॉइड नावाच्या माणसाचे कॉफीगृह होते. सतराव्या शतकाच्या अखेरीस जहाजवाले आणि जोखीम उचलणारे सावकार तिथे बसत. त्या बैठकीतून लॉइड्सचा बाजार उभा राहिला. १७७९ साली त्यांनी सागरी विम्याचा एक ठरावीक मसुदा स्वीकारला आणि तो जवळपास तसाच दोनशे वर्षे चालला. त्यात संकटांची एक यादी होती. समुद्र, युद्धनौका, आग, शत्रू, चाचे, भटके लुटारू, चोर, माल समुद्रात फेकणे, राजांची आणि राजपुत्रांची अटक, कप्तान-खलाशांची लबाडी... मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा वाटले, हा कायद्याचा कागद नव्हे, एखाद्या म्हाताऱ्या तांडेलाने सांगितलेले आयुष्य आहे. पण कोर्टात त्यातल्या प्रत्येक शब्दावर भांडणे झाली. शेवटी १९८२ मध्ये लंडनच्या विमेवाल्यांनी जुनी भाषा बाजूला ठेवली आणि मालासाठी तीन सुटसुटीत कलमसंच आणले : ए, बी आणि सी. २००९ मध्ये त्यांत सुधारणा झाल्या. आपल्याकडचा सागरी विम्याचा कायदा १९६३ चा आहे. पण निर्यात-आयातीच्या पॉलिसीला जोडलेली कलमे बहुतेक वेळा हीच असतात.

तिघांत ‘सी’ सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बारीक. आग किंवा स्फोट, जहाज बुडणे, उलटणे, रुतणे, जहाजाची टक्कर, रस्त्यावर ट्रक उलटणे किंवा रेल्वे रुळावरून घसरणे, जहाज वाचवण्यासाठी माल समुद्रात टाकणे, अशी मोठमोठी संकटेच त्यात आहेत. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर झाली, चित्रा कलंडले आणि कन्टेनर पाण्यात तरंगू लागले, ते अनेकांना आठवत असेल. बंदर काही दिवस बंद राहिले. तशा प्रसंगी ‘सी’वालाही दावा करू शकतो, कारण ‘टक्कर’ हा शब्द त्याच्या यादीत आहे. पण टक्कर नाही, काही नाही, भर पावसाळ्यात एक मोठी लाट आली आणि डेकवरचा कन्टेनर घेऊन गेली, तर? ‘सी’ हात वर करते. ते संकट ‘बी’मध्ये आहे. ‘बी’मध्ये भूकंप, ज्वालामुखी, वीज येते; चढवता-उतरवताना अख्खा नग पडून गेला तर तेही येते. नुसता चेपला तर नाही, पुरता गेला तर. चोरी मात्र ना ‘सी’त, ना ‘बी’त. आणि ‘बी’मध्ये आणखी एक गोष्ट येते : पाणी. इथे थोडे थांबू.

भिवंडीच्या एका कारखानदाराने परदेशातून मागांसाठी इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे खोके मागवले होते. आयुष्याची पुंजी आणि वर मेहुण्यांकडून घेतलेले पैसे. कन्टेनर न्हावा शेव्याला उतरला, जवळच्या यार्डात आठ-दहा दिवस राहिला. जुलै महिना. उघडला तेव्हा आतले पुठ्ठे लगदा झालेले, सर्किटवर हिरवट बुरशी. विमा होता. गृहस्थ निर्धास्त होते.

विमा कंपनीचा सर्व्हेयर आला. त्याने आधी कन्टेनरमध्ये शिरून दार आतून लावून घ्यायला सांगितले. छतात सुईच्या भोकासारखे दोन उजेडाचे ठिपके दिसले. मग त्याने खिशातून एक लहान बाटली काढली आणि ओल्या पुठ्ठ्यावर, लाकडावर थेंब टाकले. ते सिल्व्हर नायट्रेट होते. पाण्यात मीठ असेल तर थेंब दुधासारखा पांढरा होतो. इथे तो झाला नाही. म्हणजे पाणी समुद्राचे नव्हते, पावसाचे होते.

आता कलम पाहा. ‘बी’मध्ये शब्द आहेत : समुद्राचे, सरोवराचे किंवा नदीचे पाणी जहाजात, कन्टेनरमध्ये किंवा साठवणुकीच्या जागी शिरणे. पाऊस त्यात नाही. कवी म्हणून मी म्हणेन की नदी, सरोवर, समुद्र ही सगळी पावसाचीच लेकरे. पण विम्याचे कलम वंशावळ मानत नाही. आणि त्या गृहस्थांची पॉलिसी तर ‘सी’ होती, तिच्यात समुद्राचे पाणी शिरणेही नव्हते. त्यांना एक पैसा मिळाला नाही. हीच पॉलिसी ‘ए’ असती, तर पावसाचे पाणी तिच्यात बसले असते. हप्त्यातला फरक त्यांच्या एका महिन्याच्या वीजबिलाहूनही कमी होता. पुढे त्यांनी मागांपैकी निम्मे विकले.

त्यांनी ‘सी’ निवडली होती का? नाही. त्यांनी काहीच निवडले नव्हते. माल ‘सीआयएफ’ भावाने घेतला होता, म्हणजे मालाची किंमत, विमा आणि जहाजभाडे सगळे विकणाऱ्याकडे. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या प्रचलित अटींप्रमाणे ‘सीआयएफ’ विक्रेत्याने किमान ‘सी’ दर्जाचा विमा काढून दिला की त्याचे कर्तव्य संपते. जास्त हवे असेल तर खरेदीदाराने करारात तसे लिहून घ्यायचे. विक्रेता कशाला जास्त हप्ता भरेल? त्याला माल पोहोचवायचा नसतो, जहाजावर चढवायचा असतो. तेव्हा परदेशातून सीआयएफ भावाने माल घेणाऱ्याने विम्याचा कागद हाती आल्यावर पहिल्यांदा त्यावरचे अक्षर पाहावे.

निर्यातदाराची गत उलटी. तो ‘एफओबी’ भावाने विकतो आणि म्हणतो, विमा गिऱ्हाइकाचा, मला काय त्याचे. पण माल जहाजावर चढेपर्यंत जोखीम त्याचीच. नाशिकहून निघालेला ट्रक कसारा घाटात उलटला तर परदेशी गिऱ्हाइकाची पॉलिसी त्याच्या मदतीला येत नाही, कारण त्या क्षणी माल गिऱ्हाइकाच्या जोखमीचा झालेलाच नसतो. गोदामापासून जहाजापर्यंतचा तेवढा पट्टा वेगळा उतरवून मिळतो. तो उतरवणारे थोडे.

पाण्याचा तिसरा प्रकार अजून राहिला. घाम. कन्टेनरलाही घाम येतो. दमट बंदरात माल भरून दार बंद केले की आतली दमट हवा आतच राहते. जहाज थंड प्रदेशात शिरले की पत्र्याचे छत गार पडते, वाफ छताला चिकटते आणि थेंब थेंब मालावर पडू लागते. ना समुद्र शिरला, ना पाऊस; तरी माल भिजलेला. याचा एक गाजलेला खटला आपल्या देशातल्या मालाचा आहे. कलकत्त्याहून रॉटरडॅमला चामड्याचे हातमोजे गेले. पोहोचले तेव्हा ओले, डागाळलेले, बुरसटलेले. पॉलिसी सर्व जोखमींची. खालच्या कोर्टाने मालकाच्या बाजूने निकाल दिला. १९९० मध्ये इंग्लंडच्या अपील कोर्टाने तो फिरवला. त्यांचे म्हणणे असे : छतावरून पडलेले पाणी आले कुठून? मोज्यांतून. कलकत्त्याच्या दमट हवेत चामड्याने ओल शोषली, तीच प्रवासात बाहेर पडली, छताला गेली आणि परत मोज्यांवर पडली. बाहेरचे काही आलेच नाही. मालाने स्वतःच स्वतःला बिघडवले. याला कायद्यात मालाचा अंगभूत दोष म्हणतात आणि तो सर्व जोखमींच्या पॉलिसीतही बसत नाही.

आता ‘सर्व जोखमी’ या शब्दांकडे नीट पाहा. ‘ए’ कलमसंच स्वतःला तसे म्हणवतो आणि लगेच खाली वजाबाकी सुरू करतो. मालकाने मुद्दाम केलेले नुकसान नाही. नेहमीची गळती, नेहमीची वजनातली घट नाही. तांदूळ, कांदा वाटेत थोडा सुकणारच. पॅकिंग पुरेसे नसेल तर नाही. अंगभूत दोष नाही. युद्ध नाही, संप-दंगल नाही, अणुशस्त्रे नाहीत. आणि उशीर नाही. सर्व म्हणजे ‘अचानक, बाहेरून आलेले सर्व’, असे समजावे. चाचेगिरी मात्र ‘ए’मध्ये आहे; ‘बी’ आणि ‘सी’त नाही. सोमालियाच्या किनाऱ्याजवळून जाणाऱ्यांना याची किंमत कळली होती.

अंगभूत दोषाची रेघ नेमकी कुठे ओढायची, यावर पुढेही वाद झाले. २००५ मध्ये टेक्सासहून मलेशियाला तेल काढण्याचे एक प्रचंड फलाट बार्जवर लादून नेले जात होते. त्याचे पाय वर आकाशाकडे केलेले. आफ्रिकेचे टोक ओलांडल्यावर लाटांच्या हेलकाव्यांनी धातू थकला आणि तीन पाय एकामागून एक तुटून समुद्रात गेले. विमा कंपनी म्हणाली, लाटा नेहमीच्याच होत्या, पायच कमजोर होते, हा अंगभूत दोष. २०११ मध्ये इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने हे मानले नाही. एका विशिष्ट उंचीची लाट विशिष्ट क्षणी आली म्हणून पहिला पाय तुटला, हे समुद्राचेच संकट, असा निकाल झाला. म्हणजे ‘मालच तसा होता’ हे सांगून विमा कंपनीला दर वेळी सुटता येणार नाही.

या खटल्यातली विमा कंपनी तकाफुल कंपनी होती, हे मला विशेष वाटते. इस्लामी कायद्यात विम्याचा वाद जुना आहे आणि तो सुरूच झाला समुद्रावरच्या मालापासून. दमास्कसचे इब्न आबिदीन हे हनफी विद्वान १८३६ मध्ये वारले. युरोपीय व्यापाऱ्यांच्या ‘सौकरा’ नावाच्या प्रथेबद्दल त्यांनी लिहिले आहे, म्हणजे सागरी विम्याबद्दलच, आणि त्यांचे मत प्रतिकूल होते. जे देणे लागत नाही ते कुणी का द्यावे, हा त्यांचा प्रश्न. त्यातून मार्ग म्हणून विसाव्या शतकात तकाफुल आले : सगळ्यांनी मिळून एका निधीत वर्गणी टाकायची आणि ज्याचे नुकसान होईल त्याला त्यातून द्यायचे. आमच्या कचेरीत येणारे काही बुजुर्ग विमा म्हटले की कानाला हात लावत. बँकेने अट घातली की निमूट सही करत.

उशिराकडे परत येऊ, कारण आपल्या शेतकऱ्याच्या जिवावर बेतते ती गोष्ट हीच. कायदाच सांगतो की उशिरामुळे झालेले नुकसान, तो उशीर विमा उतरवलेल्या संकटामुळे झालेला असला तरीही, पॉलिसीत वेगळे लिहिले नसेल तर मिळत नाही. नाशिकची द्राक्षे घ्या. जानेवारी ते एप्रिल हंगाम. पेटीत गंधकाचा कागद, ज्याला ग्रेप गार्ड म्हणतात तो, ठेवून शून्य अंशाच्या आसपास थंड केलेल्या रीफर कन्टेनरमधून ती युरोपला जातात. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाले. २०२४ च्या हंगामात बहुतेक मोठ्या जहाज कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घातला. प्रवासात साधारण दोन आठवड्यांची भर पडली. द्राक्षाला चौदा दिवस म्हणजे काय, ते बागाईतदाराला विचारा. देठ तपकिरी पडतो, मणी गळतात. गिऱ्हाईक भाव पाडते. क्षेपणास्त्र कन्टेनरला लागले नाही, यंत्र बिघडले नाही, तापमानही ठीक होते. बिघाडाचे कारण काय? वेळ. आणि वेळेचा विमा या कलमांत नाही. युद्धाचे कलम वेगळा हप्ता भरून घेतले असते, तरी या उशिराचे पैसे तेही देत नाही.

रीफरचे यंत्रच बंद पडले तर? थंड आणि गोठवलेल्या मालासाठी निराळी कलमे असतात. त्यांत बहुतेक ठिकाणी अट असते की यंत्र सलग किमान २४ तास बंद असले पाहिजे. तेवीस तास बंद राहून सुरू झाले, माल नासला, तरी दावा बसत नाही. कन्टेनरमध्ये तापमानाची नोंद ठेवणारे यंत्र असते. ती नोंद उतरवून घेण्याचा हक्क बजावा. त्या आलेखाखेरीज दुसरा साक्षीदार नसतो.

युद्धाच्या कलमाची आणखी एक गंमत. ते फक्त पाण्यावर चालते. माल जहाजावर चढल्यापासून उतरेपर्यंत, किंवा शेवटच्या बंदरात जहाज पोहोचल्यापासून १५ दिवस, यांपैकी आधी जे होईल तोवर. जमिनीवरचे युद्ध विमेवाले घेत नाहीत. १९३७ पासून त्यांच्यात तसा समझोता आहे. कारण साधे. समुद्रावर माल विखुरलेला असतो, गोदीत तो एका ढिगात असतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज फुटले. तो शत्रूचा हल्ला नव्हता. कापूस आणि स्फोटके एकाच जहाजात भरण्याचा अविचार होता. पण एका ढिगाला आग लागली की काय होते, ते साऱ्या शहराने पाहिले. लोकांच्या मालमत्तेच्या भरपाईसाठी सरकारला खास वटहुकूम काढावा लागला.

आता शेवटचा आणि सर्वांत विचित्र भाग. तुमचा माल सुखरूप आहे, एक पेटीही ओली झालेली नाही, तरी तुमच्याकडे पैसे मागितले जातात. इंग्रजीत याला ‘जनरल अ‍ॅव्हरेज’ म्हणतात. हा ‘अ‍ॅव्हरेज’ सरासरीचा नव्हे. त्याचे मूळ अरबी ‘अवार’ या शब्दाकडे जाते. अवार म्हणजे खोट, नुकसान. अरब नाविकांकडून तो इटलीच्या बंदरांत गेला आणि तिथून इंग्रजीत. आपण ‘सरासरी’ म्हणून जो शब्द शाळेत शिकतो तो याच नुकसानीच्या वाटणीतून निघाला. कल्पना त्याहून जुनी, ऱ्होड्स बेटाच्या नाविकांची. वादळात जहाज वाचवण्यासाठी एकाचा माल समुद्रात टाकला, तर ज्यांचा वाचला त्यांनी त्याचे नुकसान वाटून घ्यायचे. आज माल फेकणे क्वचित. पण आग विझवणे, रुतलेले जहाज ओढून काढणे, हा खर्च वाटला जातो.

मार्च २०१८ मध्ये ‘मेर्स्क होनाम’ हे जेमतेम वर्षभराचे जहाज सिंगापूरहून सुएझकडे जाताना अरबी समुद्रात पेटले. पाच खलाशी गेले. पुढे मालधन्यांना सांगण्यात आले की माल सोडवायचा असेल तर जहाज वाचवणाऱ्यांसाठी मालाच्या किमतीच्या ४२.५ टक्के आणि जनरल अ‍ॅव्हरेजसाठी ११.५ टक्के हमी द्या. एकूण ५४ टक्के. म्हणजे लाख डॉलरच्या सुखरूप मालावर चोपन्न हजार डॉलरची हमी. ज्यांचा विमा होता, मग तो साधा ‘सी’ का असेना, त्यांच्या वतीने विमा कंपनी हमीपत्र देते; तिन्ही कलमसंचांत हा भाग आहे. ज्यांचा नव्हता, त्यांना रोकड मोजावी लागते, आणि हमी मिळेपर्यंत माल अडकून पडतो. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ सुएझ कालव्यात आडवे झाले तेव्हाही मालकांनी जनरल अ‍ॅव्हरेज जाहीर केला होता. जुलैपर्यंत ते जहाज तिथल्या सरोवरात अडकून होते आणि त्यात हजारो लोकांचा ठणठणीत माल होता. ‘सी’ला मी वर बारीक म्हटले; पण अजिबात विमा नसण्यापेक्षा ती पुष्कळ बरी, ते यासाठी.

कागदांचे थोडके सांगतो. नेहमी माल पाठवणाऱ्याने दर खेपेला पॉलिसी न काढता ‘ओपन कव्हर’ घ्यावे. पण मग प्रत्येक खेप कळवलीच पाहिजे, सोयीची तेवढी नव्हे. विम्याची रक्कम साधारणपणे सीआयएफ किमतीच्या वर दहा टक्के धरतात. संरक्षण गोदामापासून गोदामापर्यंत असते, पण शेवटच्या बंदरात माल जहाजावरून उतरल्यापासून ६० दिवसांनी ते संपते. जकातीच्या तंट्यात माल अडकला असेल तर हे दिवस मोजत राहा आणि मुदत वाढवून घ्या.

आणि माल ताब्यात घेताना कन्टेनरचे सील पाहा, त्याचा क्रमांक बिल ऑफ लेडिंगवरच्या क्रमांकाशी ताडून पाहा. संशय आला तर पावतीवर ‘माल सुस्थितीत मिळाला’ अशी सही करू नका. जे दिसते ते तिथेच लिहा. विमा कंपनीला कळवा आणि सर्व्हेयर येईपर्यंत ओला माल कोरड्यापासून वेगळा करा, फोटो काढा, छत झाका. विमा नसता तर जितका जपला असता तितका माल जपणे हे विमेदाराचे कर्तव्य आहे आणि त्यासाठी झालेला वाजवी खर्च विमा कंपनी देते. नुकसान वरून दिसत नसेल तर जहाज कंपनीला तीन दिवसांच्या आत लेखी कळवावे लागते. तिच्यावर दाव्याची मुदत एक वर्ष. विमा कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ते वर्ष थांबत नाही. आणि सर्व्हेयरने बाटली काढली तर त्याच्या शेजारी उभे राहा. थेंब पांढरा होतो की नाही, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा आणि त्याच्या नोंदवहीत काय लिहिले आहे ते वाचून मगच सही करा.